माझं आमेन परत द्या

"आणि हे दयाळू बापा, आता या घरातल्या लेकराकडं बघ," लुदियाबाई म्हणाली आणि तिचा आवाज लगेच ओला झाला.

तिला ते जमायचं. नळ सोडावा तसा आवाज ओला करायची.

ईस्टरआधीच्या उपासकाळातला शुक्रवार होता. महिला मंडळाची साखळी प्रार्थना त्या खेपेला माझ्या घरी होती. सतरंजीवर दहा-बारा बाया गोलात बसलेल्या, डोक्यावर पदर, डोळे मिटलेले. एकीचं संपलं की शेजारणीनं धरायचं, अशी ती साखळी. माझं निम्मं ध्यान स्वयंपाकघरात होतं, तिथं माझी लेक तबिथा चहा करत होती आणि दूध किती घालायचं ते तिला कधी कळलं नाही. उरलेलं निम्मं माझ्या उजव्या हाताला बसलेल्या नओमीआत्यांकडं होतं. देवाच्या वाट्याला काय आलं असेल ते त्यालाच ठाऊक.

या नओमीआत्या संगमनेरच्या. पाळकसाहेबांकडं पाहुण्या म्हणून उतरल्या होत्या, पण कशासाठी ते आमच्या मिशन कंपाउंडातल्या कोंबड्यांनाही माहीत होतं. त्यांचा भाचा इम्मानुएल हायस्कुलात मास्तर होता. आईविना पोर, आत्यानंच वाढवलेलं. आदल्या रविवारी तो स्वतः येऊन तबीला बघून गेला होता. आमच्या मालकांच्या पेटीवर त्यानं एक गीत वाजवलं आणि तबीला गायला लावलं. आता आत्याबाईंची मान हलली की काम फत्ते. आत्याबाईंनी माझी भांडी बघितली, परसातली कढीपत्त्याची फांदी मोडून वास घेतला, भिंतीचा पोपडासुद्धा नजरेखालून घातला. मान हलायच्या बेतात आली होती.

आणि लुदियाबाई देवाला सांगत होती.

"बापा, तुला ठाऊक आहे, आमची तबिथा लहान असताना तिला फेफरं यायचं. तोंडाला फेस यायचा, बापा, दातखीळ बसायची. तिच्या आईनं हे दुःख कुणाला कळू दिलं नाही, एकटीनं सोसलं. आता लेकरू लग्नाला आलं. तो आजार तिच्या अंगात कुठं दडून बसला असेल, तर बापा, तो तू मुळासकट उपटून टाक. तिला बरी कर. नव्या घरी, नव्या माणसांत तिला लाजवू नको. येशूच्या नावानं मागते."

"आमेन," सगळ्या बाया म्हणाल्या.

मीपण म्हणाले. सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, घर माझं म्हणून. फेफरं हा शब्द कानातून आत पोचेपर्यंत तोंडानं आपलं काम उरकलं होतं.

डोळे उघडले तर आत्याबाईंचे आधीच उघडे. त्या दाराकडं बघत होत्या. दारात तबी चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि ट्रेमधल्या कपबश्या आपसात बोलायला लागल्या होत्या.

"ये बाळ, दे इकडं," लुदियाबाईनं उठून तिच्या हातातला ट्रे घेतला. "जड आहे. तुला झेपायचं नाही."

आत्याबाईंनी चहा अर्धा प्यायला. निघताना मला सलाम केला, हात हातात घेतला, दाबलासुद्धा. "प्रभूची इच्छा काय आहे ते बघू, रिबकाबाई," म्हणाल्या. आमच्या माणसांत हे वाक्य कुणी म्हटलं की पुढं बघायला काही उरत नाही.

आता तुम्ही विचाराल, खोटं होतं का? खोटं नव्हतं. तबी लहान असताना तिला तसं झालं होतं, तीन-चारदा. दुधाचे दात पडायला लागले आणि ते गेलं ते गेलं. नगरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आता याचं नाव काढू नका. मी नाव काढलं नाही. पण लुदिया तेव्हा माझी भिंतीला भिंत शेजारीण. पहिल्यांदा झालं तेव्हा मी नुसतीच किंचाळत उभी राहिले होते आणि हिनं पोरीचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, कांदा फोडून नाकाशी धरला. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं हो. "कुणाला बोलू नको," म्हटलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. इतकी वर्षं पाळलासुद्धा. मोडला तो ज्याच्यात तिचा फायदा होता त्याच दिवशी.

कारण फायदा काय ते चार दिवसांत उजेडात आलं. सोमवारी मी दळण घेऊन येत होते, तर लुदियाबाईच्या ओट्यावर नओमीआत्या बसलेल्या. पुढ्यात नानकटाईची बशी. आणि लुदियाची सोसन, माझ्या तबीच्याच वयाची पोरगी, नवी साडी नेसून पंखा घालतेय. मला बघून सोसनचा पंखा थांबला. तिच्या आईचा थांबला नाही, तोंडाचा.

दुसऱ्या दिवशी नळावर मी तिला गाठली. तिची कळशी नळाखाली होती, ती उचलून बाजूला ठेवली आणि माझी लावली.

"काय गं लुदिया, माझ्या घरी बसून माझ्या पोरीचं वाटोळं केलंस?"

"बाई बाई बाई!" तिनं दोन्ही हात कानांना लावले. "मी काय वाईट बोलले? प्रार्थनाच केली ना? चांगलंच मागितलं ना?"

"आत्याबाई बसलेल्या दिसल्या नाहीत तुला?"

"डोळे मिटलेले होते माझे. तुमचे उघडे असतात का प्रार्थनेला?"

नळावरच्या दोघी-तिघी फसकन हसल्या.

"आणि एक सांगू का, रिबकाबाई," ती म्हणाली, आवाज पुन्हा ओला, "माझी प्रार्थना बापानं आजवर माघारी धाडलेली नाही. मंडळीला विचारा. जोशुआचा पाय, थोमाबाईची म्हैस, पाळकसाहेबांची थांबलेली बदली. तुम्ही उलट माझे आभार मानायचे."

हे तिचं नेहमीचं. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं काय काय ऐकलं ते सांगायला, उभी राहिली की हीच यादी. पाय, म्हैस, बदली. मी तिची कळशी लाथेनं पाडली आणि घरी आले. पण लाथ कळशीला बसली होती, तिला नाही, हे मला वाटेतच कळलं आणि मी जास्तच पेटले.

पाळकसाहेबांकडं गेले. अनुग्रहसाहेब मऊ माणूस. कुणी रागानं बोललं की त्यांना घाम यायचा.

"पंचकमिटी बसवा," मी म्हटलं. "तिचा न्याय करा."

"बाई, प्रार्थनेवर कमिटी कशी बसवू? ती देवाशी बोलली."

"देवाशी बोलली आणि ऐकलं आत्याबाईंनी."

"हेतू देव जाणतो."

"मीपण जाणते. हेतू काल नानकटाई खात होता."

त्यांनी रुमाल काढला. "क्षमा करा, बाई. प्रभूनं वैऱ्यालासुद्धा क्षमा करायला सांगितलंय."

"करीन की. आधी वैरी हाताला तर लागू द्या."

"आणि हे बघा..." साहेब चाचरले. "शेवटी तुम्हीही आमेन म्हणालात ना?"

"म्हणाले. संपल्यावर म्हणायचं असतं."

"संपल्यावर म्हणजे... तुम्हाला आमेनचा अर्थ काय वाटतो?"

मी मडमेच्या शाळेत दुसरीपर्यंत गेलेली बाई. तिथं मला एवढंच कळलं होतं की आमेन म्हणजे आता डोळे उघडायचे. लहानपणी त्या शब्दाची मी फार वाट बघायची, कारण त्याच्यानंतर खाऊ मिळायचा. पुढं सबंध जन्म रोज म्हटलं, लग्नात, मयतीत, जेवणावर, आणि दरवेळी माझ्या मनात तेच. झालं, उघडा डोळे.

साहेबांना मी तसं सांगितलं. त्यांना हसू आलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं बोलते.

"नाही हो, बाई. आमेन म्हणजे तसंच होवो. दुसऱ्यानं जे मागितलं ते माझंही मागणं आहे, मी त्यात सामील आहे, असं देवापुढं कबूल करणं. सही केल्यासारखंच ते."

मी तिथून उठले. वाटेत मला माझाच आवाज ऐकू येत होता, त्या शुक्रवारचा, सगळ्यांत मोठा. तिनं माझ्या पोरीला आत्याबाईंपुढं उघडं पाडलं आणि मी त्याच्यावर सही केली. माझ्या अंगाची लाही झाली. घरी येऊन मी देवाशी भांडले. गुडघे टेकून नाही, चुलीपुढं, फुंकणी हातात घेऊन. "तू तर अर्थ जाणत होतास ना?" म्हटलं. "मग माझं तोंड का नाही धरलंस?" एकदोनदा मला वाटलं, तो मला म्हणेल, रिबका, आता पुरे. पण तो काही बोलला नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा घेतला.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचा पवित्र विवाह ठरला आहे, कोणाला हरकत असल्यास कळवावे, असं पाळक मोठ्यानं वाचतात. हरकत कुणाची नसते. लोक त्या वेळात खोकून घेतात, पोरांची नाकं पुसतात.

ईस्टर झाला आणि पहिला पुकारा झाला. इम्मानुएल आणि सोसन. माझ्या पुढच्या बाकावर लुदियाबाईच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. ती मागं वळून माझ्याकडं बघून हसली. सलामसुद्धा केला.

तबी गायकांच्या बाकावर होती. तिनं पुस्तकातनं मान वर केली नाही. त्या दिवसांत ती गप झाली होती. भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, सगळं गप. मला वाटलं, अपमानानं. मी म्हटलं, "रडू नको, तुझ्या आईच्या अंगात अजून रक्त आहे."

"मी कुठं रडते," ती म्हणाली.

दुसरा पुकारा झाला. आमचे मालक चर्चमध्ये पेटी वाजवत. फार सालस माणूस. सालस इतके की घरात उंदीर निघाला तर त्याला वाट करून देत. रात्री जेवताना म्हणाले, "सोड आता. त्या पोरांचं होऊ दे भलं."

"होऊ दे. पोरांशी माझं वाकडं नाही."

"मग तू भाकरी अशी का थापतेस?"

माझं मनात चाललं होतं. सही. तसंच होवो. मी भाकरी थापता थापता त्या शब्दाला उलटासुलटा करून बघत होते आणि तव्यावरची भाकरी पलटताना मला त्याची दुसरी बाजू दिसली. एकटीच मोठ्यानं हसले. मालकांनी ताट घेतलं आणि ओसरीवर जाऊन बसले.

तिसऱ्या रविवारी चर्च भरलेलं होतं. पुकाऱ्यानंतर लुदियाबाईकडं साखरपुड्याचं जेवण होतं, म्हणून नओमीआत्या आलेल्या, इम्मानुएल आलेला, त्यांच्याकडची चारपाच माणसं पहिल्या बाकावर. लुदियाबाई जांभळ्या साडीत. साहेबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि शेवटचं वाक्य आलं. "कोणाला हरकत असल्यास..."

मी उभी राहिले.

खोकणारे खोकायचे थांबले. साहेबांच्या कपाळावर तिथल्या तिथं घाम आला.

"रिबकाबाई... तुमची हरकत आहे?"

"लग्नाला नाही."

"मग बसा."

"मला माझं आमेन परत पाहिजे."

"काय?"

"आमेन. उपासकाळातल्या शुक्रवारी माझ्या घरी लुदियाबाईनं एक प्रार्थना केली, त्याच्यावर मी आमेन म्हटलं. अर्थ ठाऊक नसताना म्हटलं. आता अर्थ कळला, तुम्हीच सांगितलात. माझं आमेन मला परत द्या."

"ही उपासना आहे, बाई!" लुदियाबाई उठली. "साहेब, हिला बाहेर काढा."

साहेबांनी पेटीकडं बघून खूण केली. "मास्तर, गीत घ्या. मास्तर!"

आमच्या मालकांनी पेटीचा भाता उघडला. मग माझ्याकडं बघितलं. आणि भाता हळूच मिटवून दोन्ही हात मांडीवर ठेवले. आमचा संसार पुढं बरीच वर्षं चालला, पण मला विचाराल तर त्या माणसाशी माझं खरं लग्न त्या दिवशी लागलं.

"बाई," साहेब म्हणाले, "आमेन परत नाही घेता येत."

"का? मीच दिलं होतं."

"तुम्ही देवाला दिलंत. देवापुढं कबूल केलेलं मागं घेता येत नाही. तसंच होवो म्हटलं, आता ते त्याच्या हातात."

"परत मिळत नाही? नक्की?"

"नाही मिळत."

"बरं," मी म्हटलं. मी तेवढ्यासाठीच उभी होते. "मग ते पोचलं. माझं पोचलं, या बाकावरच्या दहा बायांचं पोचलं. आता मला एवढंच सांगा, ते झालं का?"

"काय झालं का?"

"जे मागितलं ते. लुदियाबाई, तू काय मागितलं होतंस? मी नाही सांगणार, तोंड तुझं होतं."

लुदियाबाईनं इकडं तिकडं बघितलं. सगळी मंडळी तिच्याकडं बघत होती. तिनं मान ताठ केली. "मी चांगलंच मागितलं. तबिथाच्या आजारासाठी मागितलं. लाजायचं काय त्यात?"

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही आता ठाऊक झालं. मी तबीकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढं बोलता आलं नसतं.

"आजारासाठी म्हणजे काय? आजार वाढावा म्हणून?"

"बरी व्हावी म्हणून!"

"मग ऐकलं का देवानं?"

तिनं साहेबांकडं बघितलं.

"तुझी प्रार्थना तो माघारी धाडत नाही ना? जोशुआचा पाय ऐकला. म्हैस ऐकली. साहेबांची बदली ऐकली. माझ्या तबीचं ऐकलं की नाही? ऐकलं असेल तर पोर बरी झाली, तसं इथं वेदीपुढं सांग, आत्याबाई बसल्यात त्यांना ऐकू दे. नसेल ऐकलं तर तसं सांग. म्हणजे इथून पुढं तुझ्या प्रार्थनेवर कुणी आमेन म्हणायचं की नाही ते आम्ही ठरवू."

तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मी तुम्हाला सांगते, त्या क्षणासाठी मी सबंध उपासकाळ पुन्हा पाळीन. ऐकलं म्हणावं, तर पोरीत खोट नाही, मग आत्याबाईंना घाईघाईनं नानकटाई कशाला खाऊ घातली? नाही ऐकलं म्हणावं, तर आयुष्यभराची पुण्याई गेली. पाय गेला, म्हैस गेली, बदली गेली.

नओमीआत्या बाकावर अर्ध्या वळून तिच्याकडं बघत होत्या. सोसननं पदरात तोंड घातलं होतं.

"बोल की," मी म्हटलं. "का डोळे मिटल्याशिवाय बोलता येत नाही?"

"ऐकलं," लुदियाबाई म्हणाली.

"मोठ्यानं."

"ऐकलं! ऐकलं बापानं!"

"मग कोण बरं झालं?"

"तबिथा."

"अंगात काही दडून राहिलंय?"

"नाही."

"साक्ष आहे ना ही तुझी? देवाच्या घरात?"

"आहे," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज खरंच ओला होता. तो ओला मला वेगळा ओळखू आला.

शेवटच्या बाकावर थोमाबाईची सासू बसायची, ठार बहिरी. तिला वाटलं, साक्षींचा कार्यक्रम चाललाय. ती दोन्ही हात वर करून ओरडली, "हालेलुया!" आणि सवयीनं सगळी मंडळी मागोमाग म्हणाली, "हालेलुया!"

"लग्नाला माझी हरकत नाही," मी म्हटलं आणि बसले.

उपासना संपली. दारात नेहमीसारखे सलाम झाले, पण हात सगळ्यांचे घामेजलेले. मी कडुलिंबाखाली येऊन उभी राहिले. बायका माझ्याभोवती जमायला लागल्या, त्यात नळावर फसकन हसलेल्यासुद्धा. इम्मानुएल फाटकाजवळ एकटाच उभा होता आणि गायकांच्या दाराकडं बघत होता. तेवढ्यात नओमीआत्या बायकांना सारत माझ्यापुढं आल्या.

"रिबकाबाई," त्या म्हणाल्या, "माझी दिशाभूल झाली. मी असं समजत नव्हते."

"आत्याबाई, तुम्ही समजायला आलाच नव्हता. तुम्ही बघायला आला होता."

त्यांनी ते गिळलं. तालेवार बाई होती, पण गिळलं. "मुलगा अजूनही तुमच्याच मुलीचं नाव घेतो. मीच त्याचं मन वळवलं होतं. साखरपुडा झालेला नाही. नुसता पुकारा झालाय, तो काय, साहेब रद्द करू शकतात. तुमचा होकार असेल तर आज, आत्ता..."

लुदियाबाई चारच हातांवर होती. हातात पेढ्यांचं ताट. जेवणाला येणाऱ्यांचं तोंड गोड करायला आणलेलं. तिला एकेक शब्द ऐकू जात होता. तिच्यामागं सोसन, पांढरीफटक. त्या पोरीनं माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडले, छातीशी, कुणाला दिसणार नाहीत असे.

बायका श्वास धरून उभ्या. मी पदर खोचला. मला आठवतं, मी जरा वेळ घेतला. इतकी चव होती त्या शांततेला.

"आत्याबाई," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तीन रविवार दुसरीच्या नावाबरोबर पुकारलेला नवरा माझ्या घरात चालत नाही. आम्ही उष्टं घेत नाही."

कुणीतरी "अगं बाई" म्हटलं.

"लुदियाबाईला घेऊ द्या," मी म्हटलं. "आम्ही नको म्हटलेलं तिला आवडतं. लुदिया, आण तो पेढा. जावई चांगला आहे तुझा, मी नाकारलाय म्हणून सांगते. पारखून नाकारलाय."

मी तिच्या ताटातला पेढा उचलला आणि तोंडात टाकला. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला ते लग्न आता लावावंच लागणार होतं. नाही लावलं तर सोसनची अब्रू गेली, लावलं तर जन्मभर तिच्या घरात माझा नाकारलेला जावई जेवायला बसणार. वाढताना दरवेळी तिला मी आठवणार. तिला ते तिथंच, ताट हातात धरून, कळलं. मी ते कळताना बघितलं. तो चेहरा माझ्याजवळ अजून आहे. लोक लग्नाचे फोटो जपून ठेवतात, मी तो ठेवलाय.

लग्न झालं. आम्हाला निमंत्रण होतं, मी पहिल्या पंगतीला जेवले.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. बायकांचा घोळका सुटला आणि मी कंपाउंडाच्या वाटेनं घराकडं निघाले. पावलं जमिनीला टेकत नव्हती. मालक पेटीला कुलूप लावून मागून येणार होते. तबी वाटेत पुढं गेलेली दिसली, मी तिला हाक मारली. ती थांबली, पण वळली नाही. मी गाठल्यावर बरोबर चालायला लागली.

"बघितलंस?" मी म्हटलं. "सगळ्या मंडळीपुढं वदवलं. तबिथा बरी आहे, अंगात काही नाही. आता कुणाची माय व्यालीय तुला नाव ठेवायला?"

"ऐकलं मी."

"आणि त्या आत्याबाईचं तोंड बघितलंस? माझ्यापुढं हात पसरून उभी. म्हणे आज, आत्ता!"

"तेपण ऐकलं. मी तुझ्या मागंच उभी होते."

"मग? गप का?"

ती चालत राहिली. वाटेत चिंचेचा पाला पडला होता, तिच्या चपलेला चिकटत होता.

"आई," ती म्हणाली, "मला विचारायचं होतंस."

"काय विचारायचं?"

"तो हवाय का म्हणून."

मला हसूच आलं. "तू काय, आत्याबाईनं हाकलल्यावर परत त्याच दारात... हवा होता की काय तुला?"

तबी थांबली. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. लहानपणी त्या आजारातनं शुद्धीवर आल्यावर ती असंच बघायची, मी कोण आहे ते आठवत असल्यासारखं.

"हवा होता," ती म्हणाली.

आणि पुढं निघून गेली. भराभर नाही, आपल्या नेहमीच्या चालीनं. मी तिथंच उभी राहिले. चर्चच्या बाजूनं अजून बायकांचं हसू ऐकू येत होतं, माझंच नाव घेत असाव्यात.

मालक मागून आले. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी तबीच्या पाठमोऱ्या साडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काय म्हणते पोर?"

मी पदर सारखा केला.

"काय म्हणणार," मी म्हटलं. "म्हणाली, आई, बरं केलंस."